मुनीमच्या डोक्यातली तिजोरी

कामानं तो लिफ्ट दुरुस्त करणारा, पण बरोबरचे सगळे त्याला मुनीम म्हणायचे. सव्वीस वर्षांत तीन देश पालथे घातलेल्या या माणसाकडे प्रत्येक नवा कामगार पहिला पगार हातात पडताच येऊन बसायचा. घरी किती पाठवायचे, इथे किती ठेवायचे, परत जायच्या दिवसासाठी कुठे बाजूला टाकायचे, हे मुनीम यंत्राच्या खोलीत डबा खाता खाता सांगून टाकायचा. त्याचा सल्ला चुकल्याचं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

स्वतःचं मात्र त्यानं एक अक्षर कागदावर ठेवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी, आठ जणांच्या खोलीत राहत असताना, शेजारच्या खाटेवरच्या मित्रानं त्याची डायरी वाचून सहा महिन्यांची कमाई काढून नेली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. यानं ताकच सोडलं. तेव्हापासून तीन देशांतल्या पाच बँका, दोन विमे, एक लॉकर, सगळे नंबर, पासवर्ड आणि मुदतींच्या तारखा त्याच्या डोक्यात. बँकेचं पत्र घरी येऊ द्यायचा नाही, पावती आली की फाडायचा. शुद्ध वेडेपणा होता हा, पण सव्वीस वर्षं तो निभावला, त्यामुळे लोक त्याला शिस्त म्हणायचे आणि मुनीमही तेच समजून चालायचा.

बायको अधूनमधून विषय काढायची.

"अहो, कुठल्या बँकेत काय आहे ते एकदा सांगून ठेवा की मला."

"तुला कशाला डोक्याला ताप? मी काय मेलोय?"

"अभद्र बोलू नका. निदान बँकांची नावं तरी सांगा. नाहीतर दारोदार 'आमचे पैसे आहेत का हो इथे' म्हणत हिंडायला लावाल मला."

यावर तो हसायचा आणि चहा मागायचा.

आता साठी पुरी व्हायला सात महिने उरले होते. साठी पूर्ण झाली की कामाचा परवाना संपणार, कंपनीनं दिलेलं दोन खोल्यांचं घर सोडायचं आणि परत जायचं. परत जाऊन राहायला स्वतःचं घर नव्हतं, ते घ्यायचं होतं. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन त्यासाठीच लांबवलं होतं. म्हातारपणाची सगळी मदार त्या पाच बँकांवर होती, आणि त्यांचा पत्ता एकट्या मुनीमला ठाऊक होता.

एका मंगळवारी तो एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होता. कामावरच्या जोडीदाराला त्यानंच तळाच्या खड्ड्यात उतरवलं होतं. हातात बटणांची पेटी होती. लिफ्ट खाली घ्यावी म्हणून त्यानं बटण दाबलं, लिफ्ट हलली आणि खालून किंकाळीच आली.

"मुनीम! अरे, खाली आहे मी!"

त्यानं हात काढला. लिफ्ट थांबली. खाली माणूस आहे हे त्याच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं, आणि पुसलं गेल्याचा पत्ताही लागला नव्हता. "माहीत आहे रे, ब्रेक बघत होतो," असं तो ओरडला. वर आल्यावर जोडीदार घाम पुसत म्हणाला, "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही हं!" दोघं हसले.

पुढच्या आठवड्यात एका बँकेचा पासवर्ड तीनदा चुकला आणि खातं बंद झालं. त्यानं बँकेला शिव्या घातल्या. मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरनं चार प्रश्न जास्तीचे विचारले आणि मेंदूच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, "येताना बायकोला घेऊन या," असं बजावून. मुनीम भ्यायला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्याच डोक्याची भीती वाटली.

सुटीच्या दिवशी सकाळी त्यानं बायकोला हाक मारली. "अगं, वही घे. सगळं लिहून घे."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" ती म्हणाली, पण पदराला हात पुसत, दुखरे गुडघे विसरून लगबगीनं आली. इतकी वर्षं तिनं या सकाळची वाट पाहिली होती.

तो डोळे मिटून सांगू लागला. पहिल्या बँकेचं नाव, खात्याचा नंबर, मुदतीची तारीख, कुठेही न अडखळता. मग दुसरी. तिला इतकं हलकं वाटत होतं की मध्येच तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"तिसरी," तो म्हणाला आणि सावकाश दहा आकडे सांगितले.

सहाव्या आकड्याशी तिचं पेन थांबलं. उरलेले चार त्यानं सांगण्याआधीच तिला ठाऊक होते. तो तिच्या माहेरच्या फोनचा नंबर होता, कोडसकट. लग्न ठरल्यावर परदेशातून दर आठवड्याला रांग लावून तो याच नंबरावर तिला फोन करायचा. तो फोन बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

आधीचे दोन नंबर कशाचे होते, हे कळायला तिला काहीच मार्ग नव्हता.

"लिहिलंस? वाच बघू."

तिनं वाचून दाखवला. एकेक आकडा, सावकाश.

"बरोब्बर!" मुनीम खूश झाला. "उगाच घाबरत होतीस. एक आकडा इकडचा तिकडे नाही. चल, चौथी घे."

तिनं पान उलटलं आणि चौथी लिहायला घेतली.