चिरकाची पाठ

"ह्यो चिरक हाय व्हय? नराला मादीचं लुगडं नेसवलंस की रं! पुसा, पुसा त्याला!" वस्ताद ओरडले, आणि त्या आवाजानं पंचगंगा घटकाभर उलटी वाहिली, हे मी आजही शपथेवर सांगतो.

तालमीच्या भिंतीवर माझ्या मेहुण्यानं नुकताच चिरक रंगवला होता. हे पाखरू दरवर्षी त्याच भिंतीच्या भोकात घरटं करतं, शेपूट ताठ उभी करून 'चिर्र' करतं. वस्तादांच्या मते ते शड्डू ठोकतं. म्हणून त्याचं चित्र. मेहुणा ग्वाल्हेरचा, महिन्यापूर्वी आमच्याकडं येऊन पडलेला. ही भिंत टिकली तरच पेठेत पुढची कामं. नाहीतर परतीची गाडी.

त्यानं पाठ तपकिरी काढली होती, मादीसारखी.

"आमच्याकडे अशीच असते हो," तो पुटपुटला.

"मग तुमच्याकडंच रंगवायचा की, पावणं!"

खरं तर तो चुकला नव्हता. उत्तरेकडं नराची पाठ तपकिरी, आणि खाली दक्षिणेत, पार लंकेपर्यंत, काळी कुळकुळीत. खांद्यावरचा पांढरा पट्टा, बुडाखालचा तांबूस रंग दोन्हीकडं सारखाच. मी हे सांगायला तोंड उघडलं, तर एक पैलवान, ज्याची मान माझ्या मोटारसायकलीच्या टाकीएवढी होती, अंगावरच आला.

"काका, मेहुणा म्हणून बोलताय व्हय? आमच्या पाखराला धुळीत घोळवलंय त्यानं!"

पोरांनी चुन्याची बादली आणली. मेहुणा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तेवढ्यात खरा चिरक खिडकीच्या गजावर येऊन बसला. काळा, फुगलेला, संतापलेला. शेपूट पाठीवर टेकेल इतकी वर केली, कर्कश किंचाळला आणि मेहुण्याच्या कानाला घासून चित्रावर असा तुटून पडला की अर्ध्या पेठेचा गिलावा सुटला. एक ढेकूळ माझ्या चहात पडलं. पाखरानं चित्रातल्या डोळ्यावर चोच मारली, मागं फिरला, परत मारली. बादलीवाला मागं सरला.

मेहुण्याच्या तोंडावर महिन्यात पहिल्यांदा रंग आला.

"बघितलंत वस्ताद? दुसरा नर समजून भांडतोय! त्याला पटलं. मग राहू दे ना?"

वस्तादांनी पाखराकडं बघितलं, चित्राकडं बघितलं, मिशी पुसली.

"पाखराला काय कळतंय त्यातलं. पाठीला काळा मार."