सिस्टरच्या आईचं गाणं
नव्या तांदळाचा भात रटरटू लागला की मला नेकनूरजवळच्या आमच्या गावातल्या मिशनच्या दवाखान्याची सिस्टर आठवते. भाकरी खाणाऱ्या गावात ती एकटीच रोज भात शिजवायची. ती फिलिपाईन्सच्या डोंगरातली, इफुगाव जमातीची; तिच्या लोकांनी अख्ख्या डोंगरांना भातशेतीच्या पायऱ्या पाडल्यात, असं ती आम्हा मुलींना सांगायची. गावात नुकत्याच आलेल्या एसटीडी बूथवर एका दुपारी तिला कळलं, तिची आई गेली. ती तिथं पोचेपर्यंत माती होऊन जाणार होती. दवाखान्याच्या ओट्यावर बसून ती माझ्या आईला म्हणाली, "आमच्यात मयताजवळ बायका गातात. एक सांगते, बाकीच्या मागून म्हणतात. एकटीनं नाही गाता येत." आई म्हणाली, "मग आमी हाव की. तू मन, बाई." तिनं सुरुवात केली. गल्लीतल्या बायका जमल्या आणि शब्द कळत नसतानाही तिच्या ओळींचे शेवट ओढू लागल्या. मध्येच तिचा आवाज तुटला, ती थांबली. बायका थांबल्या नाहीत. त्या परक्या शब्दांवर आपापल्या गेलेल्या आयांसाठी रडत राहिल्या. गेल्या वर्षी माझी आई गेली, तेव्हा आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये सगळे तिच्याभोवती गप्प बसून होते.