पहिल्या अक्षरावरचा जोर

कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली मी तीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण आठवीपर्यंतचे, परंतु माझ्या हातचा अर्ज साहेब दोनदा वाचतात, हे सारी कचेरी जाणते. पहिलाच शब्द घणासारखा पडला पाहिजे, हा माझा नियम.

माझी एकुलती एक मुलगी विद्यापीठात फ्रेंच शिकत होती. तोंडी परीक्षेत जो उत्तम ठरेल त्याला वर्षभर फ्रान्सला पाठवणार होते. घराजवळच्या भोसले घाटाच्या पायऱ्यांवर बसून ती वहीत पेन्सिलीने शब्द तोडी: यु-नि-वेर-सि-ते. शेवटच्या तुकड्याखाली बारीक रेघ ओढी.

"जोर इथे, बाबा. अगदी शेवटी, आणि तोही हलकाच."

"शेवटी? तोवर साहेब झोपी जाईल!"

"साहेब नाही हो, परीक्षक असतात. आप भी ना!" ती इथल्या हिंदीत हसली.

माझ्या वडिलांनी मला वेदपाठ शिकवला तो अक्षरांवरच्या, स्वराचा चढउतार दाखवणाऱ्या रेघांनी. त्याच अधिकाराने मी तिच्या प्रत्येक शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर लाल शाईची उभी रेघ मारली आणि दीड महिना रोज संध्याकाळी तसेच म्हणवून घेतले. तिने दोनदा विरोध केला. मग माझा मान राखून म्हणू लागली.

परीक्षेत ती घाबरली आणि जीभ मी लावलेल्या वळणावर गेली. तिची निवड झाली नाही.

तिच्या विभागातल्या बाई भल्या होत्या. "एरवी हिचं वाचन असं नसतं. काय झालं ते खरं लिहून द्या शुक्रवारपर्यंत. मग हिची तोंडी पुन्हा घेऊ," म्हणाल्या. अर्ज अर्थातच मी लिहिला. कारण लिहिले: परीक्षकांचा पक्षपात.

मुलीने वाचून पेन खाली ठेवले. "हे खोटं आहे, बाबा. खरं लिहा, मी लगेच सही करते."

"खरं काय लिहू?"

तिने वही उघडून माझ्या लाल रेघेवर बोट ठेवले.

'वडिलांनी चुकीचे शिकवले.' एवढेच लिहायचे होते. परक्यांच्या चुका मी पानेच्या पाने लिहिल्या. हे तीन शब्द माझ्याने लिहवले नाहीत. शुक्रवार गेला. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले, फ्रेंच सुटले.

गेल्या खेपेस ती माहेरी आली तेव्हा मी तो जुना अर्ज काढला, खोटे कारण खोडले, ते तीन शब्द लिहिले आणि तिच्यापुढे ठेवला.

तिने सावकाश वाचला. "आता हा कोणाला द्यायचा, बाबा?" म्हणाली, आणि घडी घालून माझ्याच हातात ठेवला.