जर्मनवाडीची रेघ

मला पाण्याची भीती वाटते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ज्या वाडीत मी जन्मले तिथं असलं काही बोलायची पद्धत नाही. कोल्हापूरपासून थोड्या अंतरावर, पंचगंगेच्या एका वळणावर आमची तीस-बत्तीस घरं आहेत. सातबाऱ्यावर नाव वेगळं आहे, पण सगळे जर्मनवाडीच म्हणतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो आधी हसतो आणि मग विचारतो, "तितं अजून जर्मन हाईत काय?" नाहीत. शेवटचा जर्मन जाऊन शंभर वर्षं उलटून गेली. त्यांची कौलांची भट्टी, एक घंटा आणि एक रेघ एवढंच मागं राहिलंय.

इंग्रजांच्या अमलात चार जर्मन कुटुंबं मंगळूरकडून बैलगाड्यांतून इकडं आली. मिशनची माणसं. त्यांना कौलं पाडायला चिकणमाती हवी होती आणि ती या वळणावर हवी तेवढी होती. दरबाराकडून त्यांनी पडीक जमीन मागून घेतली आणि भट्टी घातली. दुष्काळात उघड्यावर पडलेली माणसं आणून तिथं वसवली. त्यातली काही ख्रिस्ती झाली, आमच्यासारखी. काही झाली नाहीत. गवंडीकाम करणारी मुसलमान घरं आली, ती अजून आहेत. एवढी चांगली जागा नदीकाठी रिकामी का पडलीय, हे मात्र त्या साहेबांनी आसपासच्या एकाही शेतकऱ्याला विचारलं नाही. विचारायची सवय नसावी. जर्मनांनी आपल्याला माणसात आणलं, असं माझे वडील, आबा, म्हणायचे. आणून पुराच्या तोंडी बसवलं, असं आई म्हणायची. मला दोघांचंही पटायचं.

जागा रिकामी का होती ते पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच कळलं. वाडीला बाहेर पडायला एकच वाट आहे. मधे ओढा आहे, त्यावर दगडी फरशी, म्हणजे बुटका पूल, आणि पलीकडं चढावर शाळेचा माळ. नदी फुगली की पाणी उलटं ओढ्यात शिरतं. आधी फरशी बुडते, मग सावकाश घरं. म्हणजे घरात पाणी येईपर्यंत थांबलेला माणूस अडकलाच. तशी माणसं अडकली आणि गेली. भट्टीमागं थडग्यांची एक रांग आहे, त्यातली बरीच माझ्या हाताएवढी लांब आहेत. काही त्यांच्या पोरांची, काही आमच्या.

त्यानंतर साहेबांनी काळ्या दगडावर एक आडवी रेघ कोरून घेतली आणि तो दगड भट्टीच्या नदीकडच्या, मातीच्या खळग्यात उतरलेल्या भिंतीत, छपराखाली बसवला, म्हणजे पावसानं भिजायचा नाही. रेघ अशा उंचीवर होती की पुराचं पाणी तिला लागलं तरी फरशी अजून हातभर उघडी असायची. पाणी लागलं की भट्टीच्या मुकादमानं घंटा वाजवायची आणि सगळ्या वाडीनं माळावर जायचं. पुढं पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्या जर्मनांना धरून नेलं, ते परत आले नाहीत. घंटेवर त्यांच्या भाषेत काहीतरी लिहिलंय, ते आम्हाला कुणालाच वाचता येत नाही. नियम मात्र आम्ही सोडला नाही. दर जेठात, पावसाआधीच्या रविवारी, मुकादम त्या रेघेत चुना भरतो. वाडीतली सगळी जातीधर्माची माणसं येऊन तिला बोट लावतात. मग चहा आणि त्यात बुडवायला कडक बटर.

आबा मुकादम होते. भट्टी बंद पडली तरी त्यांचं मुकादमपण बंद पडलं नाही. मी सातवीत असताना एका पावसाळ्यात ती भिंत ढासळली. आबांनी आणि शेजारच्या गवंडीचाचांनी मिळून ती पुन्हा उभी केली. मी त्यांची भाकरी घेऊन जायची. दगड बसवताना आबा खळग्यात त्याच्यापुढं उभे राहिले, रेघ छातीशी आली का ते बघितलं आणि म्हणाले, "हां, हिथंच हुती." मला ते आठवतं, कारण त्यांनी लगेच मला पुढं उभं केलं आणि रेघ माझ्या कपाळाला लागली. मी आता उंच व्हायला पाहिजे, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

लग्न होऊन मी उचगावला गेले. शाळेत शिकवलं, आवाज मोठा झाला, माहेरी मात्र पावसाळ्यात जायचं टाळायची. मधे एक मोठा पूर झाला. तेव्हा पोलिसांनीच आधी येऊन सगळ्यांना बाहेर काढलं. रेघेची परीक्षा झालीच नाही. आई त्यानंतर वारली आणि आबा एकटे राहिले.

मग तो श्रावण आला. कोल्हापूरकरांना तारीख सांगायला नको. चार दिवस पाऊस तुटत नव्हता. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचे मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर येत होते. मी आबांना फोन केला तर म्हणाले, "रेघ कोरडी हाय. तू निवांत ऱ्हा की." निवांत कसली राहते. सकाळी दहाच्या सुमाराला मी माळावर गाडी लावली आणि चालत खाली उतरले. फरशीवर पाणी होतं. घोट्यापर्यंत, गढूळ आणि थंड, आणि ते ओढत होतं. साडी खोचून, काठाच्या दगडांना धरत मी पार झाले.

आणि वाडीत सगळं जागच्या जागी. चुली पेटलेल्या. शेजारची सून तान्ह्या बाळाला शेकत बसली होती. "आत्या, एवढ्या पावसात?" म्हणाली. मी म्हटलं, निघायची तयारी कर. ती हसली. "रेघंला अजून वीतभर हाय की. मुकादमांनी घंटा दिली न्हाय."

आबा भट्टीच्या छपराखाली, वरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, रेघेवर नजर ठेवून. खाली खळग्यात पाणी भिंतीला चढलं होतं. रेघ पांढरी, कोरडी, पाण्यापासून एक वीत वर.

"आबा, उठा. वाजवा घंटा."

"अजून न्हाय."

"फरशीवर पाणी हाय. मी त्यातनंच आले."

"खुळी हायस व्हय? रेघ कोरडी असताना फरशीवर पाणी येतंय कसं?"

मी साडीचा भिजलेला काठ उचलून दाखवला. आबांनी काठ बघितला, मग रेघ बघितली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं त्यांना काहीतरी होतंय. त्यांचं वय चौऱ्याऐंशी होतं. मी त्यांचा हात धरला.

"दगड वर बसलाय," ते हळू म्हणाले. "मीच बसवला. जुन्या भिंतीत छातीला लागायची, म्हणून छातीलाच बसवली. पर खळग्यात पायाखाली आमी मुरूम भरला हुता. दोन हात. त्यानं जमीन वर आली, ती धरलीच न्हाय."

"कधी कळलं तुम्हाला?"

"चाचा जायच्या आधी बोलला. लई वर्सं झाली." ते थांबले. "म्हनलं, सांगू. मग म्हनलं, बोट लावतात लोकं तिला. काय म्हनून सांगू?"

मला राग यायला हवा होता. नंतर पुष्कळ आला. त्या क्षणी फक्त भीती होती. बत्तीस घरं एका चुकलेल्या रेघेकडं बघत भाकरी थापत होती, आणि मागं फरशी बुडत होती. मी ओरडले, "सांगत बसू नका, वाजवा!" आबा उठले, पण दोरीपाशी जाऊन थांबले. कोरड्या रेघेवर घंटा वाजवायची म्हणजे का वाजवली ते सांगावं लागणार. सगळे येऊन रेघ बघणार. निम्मे वाद घालणार, आणि तेवढा वेळ नव्हता. ते मलाही समजत होतं.

छपराच्या कडेला पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. आबांनी त्यातून तांब्या भरून घेतला आणि पाणी रेघेवर फेकलं. चुना ओघळून भिंतीवरून खाली आला. अजून एक तांब्या. मग त्यांनी दोरी धरली.

ती घंटा इतक्या जवळून मी कधी ऐकली नव्हती. लोक बाहेर आले. शेजारची सून बाळ छातीशी धरून छपराखाली आली. "रेघ लागली व्हय, मुकादम?"

"लागली," आबा म्हणाले. "बघ की. वली हाय."

तिनं बघितलं. मग मात्र एकानंही वाद घातला नाही. आम्ही फरशीशी पोहोचलो तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. दोर बांधून माणसं काढली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, बाळ घमेल्यात घालून डोक्यावरून नेलं. आबा सगळ्यांच्या शेवटी आले, आणि ते पार होईपर्यंत मी श्वास घेतला की नाही ते मला आठवत नाही. अर्ध्या तासानं माळावरून खाली बघितलं तर फरशी कुठं होती तेही सांगता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत पाणी कौलांना टेकलं.

माणूस एकही गेलं नाही. शाळेत सगळे आबांच्या पाया पडत होते आणि आबा भिंतीकडं तोंड करून पडून होते. मला म्हणाले, "मी मेल्याबिगर सांगू नगंस."

पाणी उतरल्यावर भिंत पुन्हा पडलेली निघाली. दगड चिखलात सापडला. "तू बसव," आबा म्हणाले, "माझा हात नगं." मी एक गवंडी बोलावला. त्यानं फरशीवरून पारदर्शक नळी आणून पाण्याची लेव्हल घेतली आणि भिंतीवर खूण केली. खूण बरोबर होती. मी स्वतः दोनदा तपासली. आणि मग, दगड हातात असताना, मला घोट्याभोवतीचं ते ओढणारं पाणी आठवलं. मी म्हटलं, अजून हातभर खाली घ्या.

गवंडी माझ्याकडं बघत राहिला. आबा खुर्चीवर होते. त्यांनी सगळं पाहिलं. पुढच्या वर्षी ते गेले. मिस्टर आधीच गेले होते, नोकरीही संपली होती, म्हणून मी वाडीत राहायला आले. चुना आता मीच भरते.

खाली घेतलेली रेघ दर पावसाळ्यात लागते. कधी दोनदा. मी घंटा वाजवते, सगळे माळावर जातात, शाळेत बसून राहतात, फरशी कोरडीच राहते आणि संध्याकाळी सगळे परत येतात. पहिल्या वर्षी लोकांनी माझं कौतुक केलं. दुसऱ्या वर्षी पोरं हसली. आता तिला मास्तरणीची घंटा म्हणतात. खरं सांगावं असं पुष्कळदा मनात येतं. पण काय सांगू? आबांची रेघ चुकून वर गेली होती आणि माझी मी भिऊन खाली घेतली? मग त्या दगडाला पुन्हा बोट कोण लावणार? आबा का गप्प राहिले ते मला आता समजतं, आणि ते समजलं म्हणून मला आणखी भीती वाटते.

गेल्या पावसाळ्यात दुपारी रेघेला पाणी लागलं. मी दोरी ओढली. तीन दारं उघडली. शेजारच्या सुनेनं खिडकीतून बघितलं. तिचं ते बाळ आता शाळेत जातं. ती म्हणाली, "आत्या, सैपाक चाललाय, बघतो मागनं." मी वाजवत राहिले. खांदे भरून आले तरी वाजवत राहिले. बाकीची दारं उघडली नाहीत.

त्या दिवशी पाणी रेघेच्या बोटभर वर येऊन थांबलं आणि उतरलं. सगळे वाचले. मी छपराखाली आबांच्या खुर्चीवर बसले होते, आणि उतरणारं पाणी बघून मला क्षणभर वाईट वाटलं, की एकदा तरी ते फरशीवर यायला हवं होतं.