उगवतीचं दार

दिंडोरीकडच्या त्या लहानशा गावात ख्रिस्ती देवळाची झाडलोट चतुराबाईकडे होती. काळ्या दगडाच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर कौलं. आणि दार मात्र पूर्वेला. विलायती रीतीनं पूर्वेला वेदी हवी, दार मावळतीला. गाव सांगे, पाया घालताना देऊळ बांधून घेणारा गोरा साहेब तापानं पडला होता आणि गवंड्यांनी जन्मभर महादेवाचीच देवळं बांधलेली. साहेब उठून बघतो तर भिंती कंबरेपर्यंत आलेल्या! थोरला गवंडी म्हणाला म्हणे, "साहेब, देवाला सकाळचं ऊन नको का?"

त्या उन्हावर चतुराबाईचा फार जीव. संवत छप्पनच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळात कुणीतरी तिला चिंधीत गुंडाळून त्याच उंबऱ्यावर ठेवलं होतं. वेदीच्या पायरीवरच्या कोवळ्या उन्हात निजवून निजवून पोर जगली. तेव्हापासून गावातली अशक्त बाळं, कुणाच्याही घरची असोत, त्या पायरीवर येत. सुरय्याच्या अकबरानं तिथंच बाळसं धरलं.

एकोणीसशे छत्तीस साली नवे पाद्री आले आणि त्यांनी हे दार बुजवून विलायती रीतीप्रमाणे मावळतीला नवं दार पाडायचं ठरवलं. विटाही येऊन पडल्या.

"आन् ऊन, पाद्रीबाबा?"

"अंगणात ऊन काय कमी आहे, चतुराबाई?"

त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही.

काम सुरू व्हायच्या सकाळी ती झाडू घेऊन आली, तर पायरीवर पाद्रीणबाई बसलेल्या. केस विस्कटलेले, मांडीवर पिवळी पडलेली तान्ही लेक.

"कावीळ आहे. डॉक्टरांचं औषध चालू आहे, पण दूधच ओढत नाही हो... तुमचं ऐकलं होतं, म्हणून..." त्यांनी लेक पुढं केली.

"पाठीवर घ्या ऊन. डोळ्यांवर पदर धरा तिच्या," म्हणत चतुराबाई शेजारी टेकली.

तेवढ्यात अन्सार गवंडी थापी घेऊन दारात उभा राहिला.

"सरक की मेल्या, सावली पडती तुझी!"

"मग काम?"

"ऊन सरल्यावर!"

मागून पाद्रीबाबा आले. आत बघितलं आणि तेही दारातून बाजूला झाले. अन्सारला हळूच म्हणाले, "उद्या ये."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. आठवडा गेला, बाळ आता चुटुचुटु दूध ओढत होतं.

"पाद्रीबाबा, तुमचं 'उद्या ये' ऐकून ऐकून माझा चुना वाळला," अन्सार कुरकुरला.

"मग या विटांचा दाराबाहेर ओटा बांध," लेकीच्या गालावर बोट टेकवत पाद्रीबाबा म्हणाले. "आयांना ताटकळत उभं राहावं लागतं."

त्या ओट्याची वीट न् वीट चतुराबाईनं स्वतः भिजवून दिली. वर अन्सारला दम भरला, "उंच नको करू रे. ऊन अडंल."