आमच्या साडूंची शिकार

आमच्या साडूंइतका अस्वस्थ प्राणी अख्ख्या ओमानात दुसरा नसेल, आणि यात मी इथल्या बकऱ्याही धरल्या आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सव्वीस वर्षं इथल्या रुवी भागातल्या इमारतींचे एसी दुरुस्त करत आले आहेत आणि एवढ्या वर्षांत त्यांना नीट बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. जेवतात ते येरझाऱ्या घालत; भात स्वयंपाकघरात, आमटी बाल्कनीत. आमच्याकडे आले की चहा होईपर्यंत स्टुलावर चढून आमच्या एसीची जाळी काढतात, आणि चहा आला की ती धुवायला न्हाणीघरात जातात. एकदा आम्ही दोघं शेअर टॅक्सीने शेजारच्या हमरियाला निघालो होतो. सिग्नल जरा लांबला तशी हे उतरले, "चालत लवकर पोचू" म्हणाले आणि मलाही खाली ओढलं. टॅक्सी आमच्या आधी पोचली हे सांगायला नकोच. पण घामाने निथळणाऱ्या साडूंच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते टॅक्सीत बसून पोचलेल्यांच्या नशिबी नव्हतं.

अशा माणसाने धनुष्यबाणाने एल्क मारायचं मनात घेतलं. एल्क म्हणजे सांबराच्याच भाऊबंदांतलं, पण चांगलं घोड्याएवढं हरीण. साडूंचा भाचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतो. तिथल्या समुद्रकाठच्या ओल्या, घनदाट जंगलात दर सप्टेंबरला तो रीतसर परवाना काढून शिकारीला जातो. त्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक माणूस नेच्यांच्या झुडपामागे वीस मिनिटं दगडासारखा उभा राहतो. बाकी काही घडत नाही. साडूंनी तो व्हिडिओ घरभर फिरत फिरत किती वेळा पाहिला याची गणती नाही.

"मारायचं पुढचं पुढे," ते मला म्हणाले, "पण हा उभा कसा राहिला रे? माझ्या खिशात सव्वीस वर्षं फोन वाजतोय. इथे गार होत नाही, तिथे पाणी गळतंय. एकदा तरी मला असं उभं राहून बघायचंय."

येत्या डिसेंबरात त्यांची नोकरी संपते. मग व्हिसा खलास आणि मुक्काम रत्नागिरीकडच्या गावी. एकदा तिथे गेल्यावर अमेरिका कसली नि जंगल कसलं! त्यांच्या हातात हा एकच सप्टेंबर होता.

तयारी आमच्या डोळ्यांदेखत झाली. दंड बळकट व्हावेत म्हणून ते दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून रोज सकाळी ओढत, ती कडी तिसऱ्या आठवड्यात हातात आली. एल्कचे नर सप्टेंबरात शिट्टीसारखं ओरडतात आणि शिकारी नळीतून तशीच साद घालून त्यांना जवळ बोलावतात. साडूंनी त्यासाठी एसीचं पाणी काढायचा वळ्यावळ्यांचा पाइप कापून घेतला. घरात पहिल्यांदा फुंकला तेव्हा वरचे मल्याळी शेजारी 'नळात हवा अडकली का' म्हणून विचारायला आले. म्हणून एका शुक्रवारी आम्ही इब्रीच्या वाटेवरचा कोरडा ओढा गाठला. साडूंनी साद घातली. दहाबारा बकऱ्या धावत आल्या आणि त्यांच्यामागून त्यांचा ओमानी मालक, एक म्हातारा.

"क्या हुआ, सदीक? गाडी खराब?" सदीक म्हणजे दोस्त; इथे अनोळखी माणसालाही तसंच हाक मारतात.

साडूंनी त्याला मोबाइलवर एल्क दाखवलं. म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

"इतना बड़ा? आ गया तो क्या करेगा?"

चांगलं अर्धं मिनिट साडू जागचे हलले नाहीत, आणि मला उगीचच आशा वाटू लागली.

पुढचं सगळं त्यांनी परत आल्यावर मला त्यांच्या बाल्कनीत सांगितलं. आधी भाच्याने धनुष्य शिकवलं, मग सात दिवस जंगल. पाऊस, धुकं, झाडांच्या अंगावर हातभर शेवाळ. पहिले सहा दिवस यांचे पाय काही ठरेनात. दुसऱ्या दिवशी तर एल्कची चाहूल लागली असताना यांच्या खिशात फोन थरथरला आणि यांनी तो घेतला. रुवीतला कुणी भाडेकरू होता. "जाळी काढून धुवा," असं यांनी कुजबुजत सांगितलं, तेवढ्यात एल्क पसार.

सातव्या दिवशी फोन गाडीत ठेवला. बाकीचे कपडे भिजलेले, म्हणून बॅगेच्या तळाचा कोरडा शर्ट अंगात चढवला, तर त्याला लोबानचा घमघमाट. भाच्याने बजावलं होतं, एल्कचं नाक फार तिखट, कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन आणा. साडूंनी धुतलेही होते. पण इतक्या वर्षांत आमच्या मेव्हणीबाईंनी इथली रीत उचलली आहे. माणूस परदेशी निघाला की त्या त्याच्या कपड्यांना लोबानची धुरी देतात.

"मामा, हा नको, ओलाच घाला," भाचा म्हणाला.

"नाही काढवला रे मला," साडू माझ्याकडे न बघता म्हणाले. "सहा दिवस गारठलो होतो. त्याला आपल्या घराचा वास येत होता."

तो शर्ट घालून ते नेच्यांमागे उभे राहिले. भाच्याच्या घड्याळाप्रमाणे बावीस मिनिटं. एल्क पाइपच्या सादेला ओ देत आलं, वीस पावलांवर थांबलं. त्याचं डोकं झाडाआड गेलं की धनुष्य ओढायचं, असं ठरलं होतं. तेवढ्यात वारा फिरला. एल्कने नाक वर केलं, यांच्याकडे रोखून पाहिलं आणि धुक्यात निघून गेलं.

एवढ्यात मेव्हणीबाई भज्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या. यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं.

"अहो, विचारायचंच राहिलं," त्या म्हणाल्या. "कपड्यांना मी धुरी दिली होती. तिथल्या पावसात वास टिकला का?"

मी साडूंकडे पाहिलं.

"टिकला की," ते म्हणाले. "अगदी शेवटच्या दिवसापर्यंत."

त्या खूश होऊन चटणी आणायला आत गेल्या. डिसेंबरनंतर हा माणूस रुवीत नसेल, याचं मला तेव्हा पहिल्यांदा फार वाईट वाटलं.