अष्टमीला कोरडी खांड

आमच्या गावच्या रेडिओ केंद्राचा आवाज फार लांब जात नाही. इकडे रेवसच्या जेटीवर लाँचची वाट बघणाऱ्यांना तो ऐकू येतो, तिकडे किहीमच्या वाड्यांपर्यंत कसाबसा पोचतो, आणि पुढे नुसती खरखर उरते. पण तेवढ्या टापूत दर गुरुवारी अकरा ते बारा आपलं राज्य असतं, असं मी समजत होते. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली. निवृत्तीनंतर गप्प बसवेना. नवरा म्हणाला, "तुला माईक कशाला हवाय, तू ओट्यावरून बोललीस तरी जेटीवर ऐकू जाईल." तरी मी गेले, आणि 'गुरुवारची बैठक' माझ्या गळ्यात पडली.

बैठकीत रस्ता, नळाचं पाणी, रेशन, एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्या, सगळं चालायचं. एका बाजूला फोनवर गावकरी, दुसऱ्या बाजूला सरपंच किंवा कुठल्या तरी खात्याचे साहेब, मधे मी. माझ्यापुढे टेबलावर शाळेतली पितळी घंटा. निरोपाला शाल-नारळ मिळतो, मी घंटा मागून घेतली होती. जो विषय सोडून बोलेल त्याला घंटा. सरपंचांना वाजवली, तालुक्याच्या साहेबांना वाजवली, एकदा नवऱ्यालाही वाजवली, कारण तो पाण्याच्या टाकीवर बोलता बोलता माझ्या आमटीवर घसरला. लोकांना मजा यायची. मला त्या घंटेचा फार गर्व होता, हे आता सांगायला हरकत नाही.

आमच्याकडची बरीच शेती खाडीला लागून आहे. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घातलेला असतो. तो फुटला की त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खांडीतून खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे तिथे भात धरत नाही. त्या वर्षी वैशाखात बांधाला खांड पडली ती नेमकी एका म्हातारीच्या शेताच्या तोंडाशी. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. एकटी बाई, मुलगा ट्रकवर, आणि घरचा वर्षाचा तांदूळ त्या एका शेतातला. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाच्या आत खांड बांधली गेली नाही तर शेत गेलं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी जोर लावला. कचेरीत फोन करकरून बांध बघणाऱ्या साहेबांना पुढच्या गुरुवारी बांधावर यायला राजी केलं. तिथूनच बैठक करायची, साहेब डोळ्यांनी खांड बघतील, रेडिओवर शब्द देतील. हे मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं. लगेच मावशीचा फोन आला.

"बाई, साहेबाला बोलवताव ते ब्येस केलंत. पन त्या गुरवारी अष्टमी हाय. अष्टमीला न्हाय, अवस न्हायतर पुनव बघून बोलवा."

इथे मला माझ्या घरचं थोडं सांगायला हवं. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी घरातलं पंचांग चुलीत घातलं. मग आमच्याकडे ना चतुर्थी ना एकादशी. तारीख आणि वार, बस्स. वडील ह्याच टापूत वाढले. लहानपणी त्यांना तहान लागली की विहिरीवर ओंजळ धरून उभं राहावं लागे आणि कुणा बाईला दया आली तर ती वरून पाणी ओते. ते म्हणायचे, "ज्यांनी आपल्याला वरून पाणी ओतलं, त्यांच्या तिथ्या आपल्याला काय करायच्यात?" ह्याच शिकवणीवर मी वाढले. तिथी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तेव्हाही फिरलं. "मावशी," मी माईकवर म्हणाले, "साहेबांना मुहूर्त लागत नाही. तिथी-बिथी देवळात ठेवा, आपण बांधाबद्दल बोलू." आणि घंटा वाजवली. पलीकडून "बरं बाई" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

गुरुवारी साहेब आले. साडेअकराला आम्ही बांधावर होतो. ऊन मी म्हणत होतं, खाडी पार लांब गेलेली, आणि खांड ठणठणीत कोरडी. तिच्यातून खेकडा चालत गेला. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि माईकमध्ये सांगितलं, "किरकोळ पडझड दिसते. पाणी शिरल्याचं काही चिन्ह नाही. पावसाळ्यानंतर पाहू." मी त्यांच्याशी वाद घातला, पण समोर कोरडी माती असताना कशाच्या जोरावर बोलणार? मावशी बाजूला उभी होती. तिच्यापुढे माईक धरला तर तिनं नुसती मान हलवली.

पुढच्या गुरुवारी मी स्टुडिओत बसले आणि एकही फोन आला नाही. असं आजवर झालं नव्हतं. अकरा वाजले, सव्वाअकरा, साडेअकरा. मी एकटीच बडबडत होते. आमचं यंत्र सांभाळणारा माणूस गावचा जुना वायरमन. मी गाणं लावायला सांगितलं आणि त्याच्यावरच खेकसले, "लोकांना झालंय काय? फोनची वायर तुटली का?"

"वायर बरी हाय, बाई," तो म्हणाला. "आज अवस. उधानाचं पानी ह्याच टायमाला चढतं. सगली बांधावर हायत, मातीच्या पाट्या टाकताहेत."

मग त्यानं मला सांगितलं, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं. अष्टमीला भांग, म्हणजे मेलेली भरती. पाणी बांधाच्या जवळही येत नाही. "भांगेच्या दिवशी साहेबाला आनलात. तवा खांड कोरडीच असनार."

"मग हे तू मला आधी का नाही बोललास?"

"मावशी बोलली ना," तो म्हणाला. "तिला घंटा दिलीत."

बारा वाजता बैठक आटपली आणि मी पायी मावशीच्या घरी गेले. ती मागच्या दारी पाय धूत होती, गुडघ्यापर्यंत चिखल. पाणी अडवलं होतं त्यांनी, पण शेताचा एक कोपरा भिजलाच होता. मला वाटलं, आता ही मला चार शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मावशी, तुम्ही मला पुन्हा फोन का नाही केलात?"

"तुजी घंटा झाली ना," ती म्हणाली. "मी शालेत गेली न्हाय. पन घंटा झाली का गप बसायचं, एवढं मला ठावं हाय."

रेडिओवर ती मला अहो-जाहो करायची, घरात पहिल्यांदा तू म्हणाली. मग पाय पुसून तिनं मला शिकवलं. पेरांवर बोट ठेवत म्हणाली, जी तिथी असेल तिच्या पाऊणपट वाजता भरती. आठवी तिथी, सहाला भरती. म्हणजे दुपारला वहटी. पंधरावी तिथी, सव्वाअकराला भरती. मी थक्क झाले. आठ पाऊण सहा, पंधरा पाऊण सव्वाअकरा. पाऊणकीचा पाढा मला मास्तरांनी छडी मारून पाठ करायला लावला होता. तो कशाला असतो हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ह्या न शिकलेल्या बाईला तो कशाला असतो ते माहीत होतं.

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलं तं चुकलं. चा घे."

वडिलांचं काही चुकलं नव्हतं, हे मला परतताना नीट कळलं. पंचांग चुलीत घालणारे वडीलच मला रोज सांगायचे, पोरी, ऐकलेलं मानू नकोस, आधी विचार की हे का. मी त्यांचा राग तेवढा घेतला आणि प्रश्न विचारायचं विसरले. मावशीला एक "का?" विचारला असता तर काम झालं होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी घंटा घरी ठेवली आणि सगळ्या टापूला ऐकू जाईल असं चुकले म्हणून सांगितलं. मग माईक मावशीला दिला. ती अर्धा तास बोलली. उधाणावर बोलली, बांधावर बोलली, मधेच सुनेवर घसरली, परत बांधावर आली. मी जीभ दातांखाली धरून बसले. तेवढ्यात इतके फोन आले की वायरमन जेवायला उठू शकला नाही.

साहेबांचा अहवाल तोवर गेला होता. मी त्यांना फोन केला. "साहेब, तुम्हाला चुकीच्या दिवशी मी बोलावलं. हवं तर लेखी देते. पण पौर्णिमेला सव्वाअकराला एकदा या." ते हसले, आणि आले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, कारण सरकारी माणूस एकाच खांडीसाठी दोनदा येत नाही. सव्वाअकराला पाणी खांडीतून घुसलं आणि आत लोकांनी घातलेल्या मातीच्या आडव्या बांधाला येऊन अडलं. साहेबांनी बूट काढून हातात घेतले, पँट वर केली आणि त्या पाण्यात उभं राहून माईकमध्ये म्हणाले, "मागच्या वेळी मी जे बोललो ते चूक होतं." मोठ्या हुद्द्याचा माणूस असं बोललेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या भांगेला कचेरीचं मशीन आलं, घरटी एक माणूस उतरला आणि खांड बांधून झाली.

आषाढातल्या उधाणाच्या दुसऱ्या दिवशी मावशीनं निरोप धाडला, ये. बांध जागच्या जागी होता. पण पाणी खालून झिरपतं कधीकधी, ते डोळ्यांना दिसत नाही, चाखूनच कळतं. ती शेतात उतरली, मीही उतरले. आता तिच्या वर्षाच्या तांदळाचा निकाल लागायचा होता. तिनं वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली. तोंडावर काही दिसू दिलं नाही. मग पुन्हा ओंजळ भरली आणि माझ्यापुढे धरली.

"घे. तू बी चाखून बघ."

तिचे हात वर नव्हते. माझ्या हातांच्या बरोबरीला होते. तिच्याच ओंजळीतून मी ते पाणी प्याले. मातीची चव होती, मिठाची नव्हती. मला वडील आठवले.

"कसं हाय?" मावशीनं विचारलं.

"गोड आहे," मी म्हणाले. जेटीपर्यंत जाणारा माझा आवाज, पण हातभर अंतरावरच्या मावशीला तो ऐकू गेला नाही. तिनं पुन्हा विचारलं.